दोन्ही टोकांनी रक्त घेणारी छातीची भिंत

दोन बरगड्यांच्या मधून जाणारी धमनी चिरली गेली आणि तिचं एकच टोक बांधलं, तर रक्त थांबत नाही. दुसरं टोक वाहतच राहतं. हातापायाच्या धमनीत हृदयाकडचं टोक बांधलं की निदान जोर तरी ओसरतो. इथे तसं होत नाही, कारण इथली दोन्ही टोकं हृदयाकडेच जातात, फक्त वेगवेगळ्या वाटांनी. छातीच्या भिंतीचा रक्तपुरवठा समजून घ्यायचा तर एवढी एक गोष्ट पक्की धरायची. पुढे येणारी लांबलचक नावं मग फारशी जड जात नाहीत.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘छातीच्या धमन्या’ म्हटलं की बहुतेकांना हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या कोरोनरी धमन्या आठवतात. त्या वेगळ्या. इथे बोलायचंय ते पिंजऱ्याबद्दल: बरगड्या, त्यांच्या मधले स्नायू, समोरचं छातीचं हाड म्हणजे उरोस्थी, वरची कातडी आणि स्तन. या सगळ्याला रक्त देणारी रचना एखाद्या शिडीसारखी आहे, पण पिंपाभोवती गुंडाळलेल्या शिडीसारखी. मागे एक जाड खांब, पुढे दोन बारीक खांब, आणि त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या बरगड्यांच्या फटींतून गेलेल्या.

मागचा खांब

महाधमनी हृदयातून निघते, कमानीसारखी वळते आणि मणक्यांच्या डाव्या अंगाला चिकटून खाली उतरते. उतरताना तिच्या पाठीमागून जोड्या-जोड्यांनी फांद्या फुटतात. या मागच्या इंटरकोस्टल, म्हणजे बरगड्यांच्या मधल्या, धमन्या. बरगड्या १२ जोड्या, त्यामुळे त्यांच्या मधल्या फटी ११, आणि प्रत्येक फटीला तिच्या वरच्या बरगडीचा क्रमांक. तिसऱ्या ते अकराव्या फटीसाठी महाधमनीतून ९ जोड्या निघतात. बाराव्या बरगडीच्या खालून आणखी एक जोडी जाते. तिच्याखाली फटच नसल्यानं तिला सबकोस्टल म्हणतात.

पहिल्या दोन फटी मात्र महाधमनीच्या वाट्याला येत नाहीत. त्यांना रक्त वरून येतं. हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीतून कॉस्टोसर्व्हायकल नावाचा आखूड बुंधा फुटतो, त्याची एक फांदी पहिल्या बरगडीच्या मानेवरून (मणक्याजवळच्या निमुळत्या भागावरून) खाली उतरते आणि या दोन फटी सांभाळते. हा तपशील परीक्षेपुरता वाटतो. पुढे एका आजाराचं निदान याच्यावर उभं आहे, म्हणून लक्षात असू द्या.

महाधमनी डावीकडे असल्यामुळे उजव्या बाजूच्या फांद्यांना लांबचा पल्ला पडतो. त्या मणक्यांच्या पुढून, अन्ननलिकेच्या मागून पलीकडे जातात.

फटीत शिरल्यावर धमनीचा प्रवास दोन टप्प्यांत होतो, आणि सुई टोचणाऱ्या प्रत्येकाला हे टप्पे माहीत हवेत. मणक्यापासून बरगडीच्या कोनापर्यंत, म्हणजे बरगडी पाठीत जिथे पुढे वळते तिथपर्यंत, धमनी फटीत जवळजवळ उघडीच असते. कोनापाशी पोहोचल्यावर ती वरच्या बरगडीच्या खालच्या कडेला असलेल्या खोबणीत शिरते. तिथे ती एकटी नसते. वर शीर, मध्ये धमनी, खाली मज्जातंतू असा क्रम असतो. शीर आणि धमनी हाडाच्या आडोशाला राहतात, मज्जातंतू बऱ्याचदा खोबणीच्या बाहेर डोकावतो. हे तिघं फटीतल्या तीन स्नायूथरांपैकी सर्वांत आतल्या आणि मधल्या थराच्या दरम्यान असतात. म्हणजे त्यांच्या आणि फुप्फुसावरणाच्या मध्ये फारच पातळ पडदा उरतो. धमनी फाटली तर रक्त सहज आत, फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत उतरतं. बाहेरून काही दिसेलच असं नाही.

वाटेत या धमनीला फांद्या फुटतात. अगदी सुरुवातीला एक फांदी पाठीच्या स्नायूंकडे आणि मणक्यांच्या आत जाते. तिच्याकडे नंतर येऊ. कोनाजवळ एक बारीक उपफांदी निघते आणि त्याच फटीच्या तळाशी, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेनं पुढे जाते. म्हणजे एका फटीत वर मोठी आणि खाली बारीक अशा दोन समांतर वाटा. काखेच्या रेषेत एक फांदी कातडीकडे बाहेर पडते. दुसऱ्या ते चौथ्या फटीतल्या अशा फांद्या स्तनालाही रक्त देतात.

पुढचे दोन खांब

उरोस्थीच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून साधारण एक ते सव्वा सेंटीमीटरवर, बरगड्यांना उरोस्थीशी जोडणाऱ्या कूर्चांच्या (मऊ हाडांच्या) मागून एकेक धमनी सरळ खाली येते. ही इंटर्नल थोरॅसिक. जुनं नाव इंटर्नल मॅमरी, आणि सर्जन अजून तेच वापरतात. सबक्लेव्हियनच्या खालच्या अंगातून ती निघते, वरच्या सहा कूर्चांच्या मागून उतरते आणि सहाव्या फटीपाशी दोन फांद्यांत विभागते. एक पोटाच्या भिंतीत जाते (सुपीरियर एपिगॅस्ट्रिक), दुसरी बरगड्यांच्या कडेनं श्वासपटलाकडे वळते (मस्क्युलोफ्रेनिक).

वरच्या सहा फटींत ही धमनी पुढून प्रत्येकी दोन फांद्या पाठवते. एक वरच्या कडेनं जाऊन मागून आलेल्या मुख्य धमनीला भेटते, दुसरी खालच्या कडेनं जाऊन बारीक उपफांदीला. सातव्या ते नवव्या फटीत हेच काम मस्क्युलोफ्रेनिक करते. दहाव्या आणि अकराव्या फटीला पुढून कुणीच येत नाही, कारण अकरावी आणि बारावी बरगडी समोर कशाला जोडलेलीच नाही, त्या पोटाच्या भिंतीत मोकळ्या संपतात.

फटींतून बाहेर कातडीकडे येणाऱ्या फांद्यांना परफोरेटर म्हणतात. दुसऱ्या ते चौथ्या फटीतले परफोरेटर स्त्रियांमध्ये ठळक असतात, आणि स्तनाच्या आतल्या बाजूचा बराचसा पुरवठा त्यांच्यावरच असतो. स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेत यातला एखादा आधी न बांधता कापला, तर त्याचं टोक आखडून स्नायूच्या मागे फटीत लपतं. मग ते शोधताना फुप्फुसावरणाला भोक पडण्याचा धोका. म्हणून आधी पकडायचं, बांधायचं, मग कापायचं.

बाहेरच्या अंगानं काखेतली ॲक्सिलरी धमनीही हातभार लावते. तिची लॅटरल थोरॅसिक फांदी छातीच्या कडेनं उतरते, थोराकोॲक्रोमियल छातीच्या मोठ्या स्नायूंना रक्त देते, थोरॅकोडॉर्सल पाठीच्या रुंद स्नायूकडे जाते. यांचंही बरगड्यांमधल्या धमन्यांशी सूत जुळलेलं असतं.

सुई कुठे घालायची

फुप्फुसाभोवती साठलेलं पाणी काढताना शिकवतात, ‘खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला घासून सुई घाला.’ कारण उघड आहे: मोठी धमनी वरच्या बरगडीच्या खोबणीत बसलेली असते. खालच्या कडेनं बारीक उपफांदी जाते हे खरं, म्हणजे ही जागाही पूर्ण निर्धोक नाही. पण दोन धोक्यांत हा लहान.

नियमाचा दुसरा अर्धा भाग मात्र बऱ्याचदा विसरला जातो. बरगडी धमनीला आडोसा देते ती कोनाच्या पुढे. मणक्यापासून पहिल्या ६ सेंटीमीटरच्या आसपास धमनी फटीत कुठेही असू शकते, त्यामुळे तिथे वरच्या कडेचा नियम पाळूनही ती लागू शकते. म्हणून पाठीतून पाणी काढताना सुई मणक्यापासून हातभर नाही, पण चांगली ९-१० सेंटीमीटर तरी बाहेर हवी. वयस्कर माणसांत आणखी एक अडचण येते. वयानुसार या धमन्या नागमोडी होतात आणि त्यांचं वळण खोबणीतून खाली फटीत लोंबतं. सत्तरीच्या रुग्णात सोनोग्राफीचा रंगीत डॉपलर (वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय) लावून वाट मोकळी आहे का हे पाहायला फार तर दोन मिनिटं लागतात.

छातीत नळी घालायची तर जागा पुढे, काखेखाली. छातीच्या मोठ्या स्नायूची बाहेरची कड, पाठीच्या रुंद स्नायूची पुढची कड आणि स्तनाग्राच्या पातळीची आडवी रेषा यांच्यात एक त्रिकोण पडतो. त्याला ‘सेफ ट्रँगल’ म्हणतात. पाचव्या फटीच्या खाली जायचं नाही, नाहीतर उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा वाट पाहत असतात. फट मोजायची कशी? उरोस्थीवर वरून बोट फिरवलं की गळ्याच्या खड्ड्याखाली साधारण ५ सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. दुसरी बरगडी तिथे जोडलेली असते, तिच्याखालची फट दुसरी. पहिल्या बरगडीपासून मोजायला जाऊ नका. ती कॉलरच्या हाडामागे दडलेली असते, हाताला लागत नाही.

रक्त छातीत उतरतं तेव्हा

बरगडी मोडून किंवा भोसकल्यामुळे छातीत रक्त साठलं, तर ते फुप्फुसातून आलंय की भिंतीतून, यावर बरंच अवलंबून असतं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब कमी, साधारण २५/१० मिमी पारा. फुप्फुस नळीवाटे पुन्हा फुगलं, भिंतीला टेकलं की असं रक्त बहुतेक वेळा आपोआप थांबतं. छातीच्या भिंतीतल्या धमन्यांचा दाब हातावर मोजतो तोच, १२०/८० च्या जवळचा. शिवाय रक्त दोन्ही टोकांनी येतं. हे आपोआप थांबेल अशी आशा धरून बसता येत नाही.

म्हणूनच नळी घालताच १५०० मिली किंवा जास्त रक्त आलं, अथवा नंतर तासाला २०० मिलीच्या वेगानं दोन ते चार तास येतच राहिलं, तर छाती उघडण्याचा विचार होतो. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. रुग्णाचा रक्तदाब टिकत नसेल तर आकड्याची वाट पाहायची नसते. एका बाजूच्या पोकळीत तीन लिटरपर्यंत रक्त मावू शकतं, म्हणजे बाहेर थेंबही न सांडता माणूस दगावू शकतो. एक्स-रे इथे फसवतो. उभ्यानं काढलेल्या फोटोत २०० ते ३०० मिली रक्त साठल्याशिवाय कोपरा झाकलेला दिसत नाही. आडव्या रुग्णात तर ते पाठीकडे पसरतं आणि फोटो नुसता धुरकट दिसतो.

उरोस्थीच्या कडेला लागलेली जखम वेगळीच. तिथे इंटर्नल थोरॅसिक लागलेली असू शकते. तिच्यातही तोच नियम: वरचं टोक बांधल्यावर खालच्या टोकातून रक्त येतं, कारण पोटाच्या भिंतीतून मांडीच्या बाजूनं येणारी धमनी तिला खालून भरते. दोन्ही टोकं बांधायची.

शिडी उलटी चालते तेव्हा

काही मुलांची महाधमनी जन्मतःच कमानीच्या शेवटी, डावी सबक्लेव्हियन निघते त्याच्या थोडी पुढे, अरुंद असते. याला कोआर्क्टेशन म्हणतात. वर दाब जास्त, खाली कमी. अशा वेळी शिडी कामाला येते. रक्त सबक्लेव्हियनमधून पुढच्या खांबात उतरतं, फटींतून मागे जातं आणि अडथळ्याच्या खाली महाधमनीत शिरतं. मागच्या इंटरकोस्टल धमन्यांतला प्रवाह पार उलटा होतो.

वर्षानुवर्षं असं चाललं की या धमन्या जाड आणि वळणदार होतात, आणि त्यांच्या ठोक्यांनी बरगडीची खालची कड झिजून खाचा पडतात. छातीच्या साध्या फोटोत त्या दिसतात, पण लहान बाळात नाही. पाच-सहा वर्षांच्या आत सहसा नाहीच. आणि खाचा साधारण तिसऱ्या बरगडीपासून आठव्यापर्यंत असतात. पहिल्या दोन कोऱ्या. का, ते आता सांगायला नको: त्या फटींना रक्त मुळात वरूनच येतं, तिथे प्रवाह उलटण्याचं कारणच नाही. खाचा फक्त उजवीकडेच असल्या, तर अडथळा डाव्या सबक्लेव्हियनच्या आधी आहे असा संशय घ्यायचा, कारण मग डावीकडच्या पुढच्या खांबातही दाब कमीच.

निदानाला फोटोच हवा असंही नाही. तरुण माणसाचा हातावरचा रक्तदाब जास्त, जांघेतली नाडी मंद आणि मनगटातल्या नाडीपेक्षा उशिरा लागणारी, एवढं दोन बोटांनी कळतं. रक्तदाबाच्या तरुण रुग्णाची जांघेतली नाडी पाहायचीच, एवढी सवय लागली तर अनेकांचं निदान वेळेत होईल.

बायपासची लाडकी धमनी

पुढचा खांब काढून घेतला तरी भिंत जगते, कारण मागून रक्त येतं. या एका सोयीवर आजची बायपास शस्त्रक्रिया उभी आहे. डावी इंटर्नल मॅमरी, सर्जनच्या भाषेत ‘लिमा’, वरून जोडलेलीच ठेवतात. भिंतीपासून सोडवून खालचं टोक कापतात आणि ते हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला शिवतात. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी ही धमनी हृदयाच्या धमनीला जोडण्याची शस्त्रक्रिया माणसात करून दाखवली. त्याआधी माँट्रिअलमध्ये आर्थर व्हाइनबर्ग यांनी १९५० मध्ये हीच धमनी हृदयाच्या स्नायूत नुसती रोवून पाहिली होती.

तिचं कौतुक का, तर ती सहजी चोंदत नाही. पायातून काढलेली शीर दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास रुग्णांत बंद पडते. लिमा दहा वर्षांनीही १०० पैकी ९० च्या आसपास चालू असते. तिच्या आतल्या अस्तराखालचा लवचीक पडदा अखंड असतो, त्यात भोकं कमी. त्यामुळे स्नायूपेशींना आत सरकून चरबीचा थर जमवायला वाव मिळत नाही. शिवाय तिचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड भरपूर सोडतं, त्यामुळे ती सैल राहते.

याच धमनीच्या नावावर एक फसलेला उपायही आहे. ती बांधली तर वरच्या फांदीतून हृदयाला जास्त रक्त जाईल, या समजुतीनं १९५० च्या दशकात छातीदुखीच्या रुग्णांत ती दुसऱ्या फटीत सर्रास बांधत. रुग्ण बरं वाटतं म्हणत. १९५९ मध्ये सिॲटलच्या लिओनार्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्णांत तुलना केली. काहींची धमनी बांधली, काहींना फक्त कातडीवर चीर दिली. दोन्हीकडे सारखंच बरं वाटलं. शस्त्रक्रिया बंद झाली. दोन्ही बाजूंच्या धमन्या बांधूनही छातीच्या भिंतीचं काही बिघडलं नव्हतं, हे मात्र त्यातून पुन्हा दिसलं.

बायपासमध्ये दोन्ही बाजूंच्या धमन्या घ्यायच्या तर गोष्ट बदलते. उरोस्थी मधोमध कापलेली असते, आणि तिचा मुख्य पुरवठा याच दोन धमन्यांकडून येतो. दोन्ही गेल्या की ती मागच्या बाजूनं फटींतून येणाऱ्या रक्तावर तगते. मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपानानं खराब झालेली फुप्फुसं असतील, तर हाड नीट जुळत नाही, जखमेत पू होतो. धमनी नुसती सुटी काढली, सोबतच्या शिरा आणि भोवतालची ऊती जागेवर ठेवली, तर हा धोका कमी होतो. काम वेळखाऊ आहे, पण मधुमेही रुग्णात तो वेळ द्यावा.

रुग्णांनीही लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट: बायपासच्या आधी दोन्ही हातांचा रक्तदाब मोजायला हवा. डाव्या हाताचा १५-२० नं कमी असेल, तर डावी सबक्लेव्हियन अरुंद असण्याची शक्यता आहे. तसं असताना लिमा जोडली, तर हात वापरताना रक्त हृदयाकडून उलट हाताकडे ओढलं जातं आणि छातीत दुखतं. डाव्या हाताला डायलिसिसची फिस्टुला (धमनी आणि शीर यांचा मुद्दाम केलेला जोड) असेल तरी हाच विचार करावा लागतो.

मणक्याकडे जाणारी फांदी, आणि खोकल्यातलं रक्त

मागच्या इंटरकोस्टलची मणक्यात जाणारी फांदी सहसा बारीक असते. त्यातली एक मात्र मज्जारज्जूच्या खालच्या भागाला मोठा पुरवठा करते. ती बहुतेकांत डावीकडे, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्याच्या पातळीवर सापडते. पोलिश शास्त्रज्ञ आल्बर्ट आदामकीविच यांनी १८८० च्या दशकात तिचं वर्णन केलं. महाधमनीत फुगा झाल्यावर आत स्टेंट बसवताना ही वाट झाकली गेली, तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून अशा वेळी रक्तदाब चढता ठेवतात आणि गरज पडल्यास पाठीतून मणक्याभोवतीचं पाणी काढून दाब हलका करतात.

आपल्याकडे क्षयरोग अजून घरोघरी परिचयाचा आहे, आणि क्षयाच्या जुन्या व्रणातून खोकल्यावाटे रक्त येणं हेही. हे रक्त बहुतेक वेळा श्वासनलिकांच्या ब्रॉन्कियल धमन्यांतून येतं. जांघेतून नळी घालून त्या बंद करतात. उजवी ब्रॉन्कियल बऱ्याचदा एका इंटरकोस्टलसोबत एकाच बुंध्यातून निघते, आणि त्याच बुंध्यातून मज्जारज्जूची फांदीही निघू शकते. धमनी बंद करणारे कण सोडण्याआधी ती दिसते का, हे पाहावंच लागतं. फुप्फुस भिंतीला चिकटलेलं असेल तर इंटरकोस्टल आणि इंटर्नल थोरॅसिकही व्रणाला रक्त पुरवू लागतात. ब्रॉन्कियल बंद करूनही काही आठवड्यांत पुन्हा रक्त आलं, तर या वाटा तपासायच्या राहून गेल्या असण्याची शक्यता मोठी.

पायांशीही या धमन्यांचं नातं आहे. पोटातली महाधमनी खालच्या टोकाला चोंदलेल्या काही रुग्णांत, इंटर्नल थोरॅसिकमधून पोटाच्या भिंतीवाटे मांडीपर्यंत जाणारं रक्त हाच पायाचा मोठा आधार असतो. चालताना पोटऱ्या भरून येणाऱ्या अशा माणसाची लिमा बायपाससाठी काढली, तर हृदय सुधारतं आणि पाय धोक्यात येतो. म्हणून दोन्ही जांघांतल्या नाड्या लागत नसतील, तर आधी सीटी अँजिओग्राफीत ही धमनी खाली कुठवर भरते ते पाहतात, आणि ती पायाला पोसत असेल तर तिला हात न लावता मनगटातली धमनी किंवा पायातली शीर वापरतात.